मुलगी टोकियोत पोहोचून आठ दिवस झाले, फोनवर "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणते

नायगावचा_कंडक्टर

नमस्कार मंडळी. मी बेस्टमध्ये एकतीस वर्षं कंडक्टर होतो, आता निवृत्त. राहायला नायगावला. धाकटी मुलगी, वय २२, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टोकियोला शिकायला गेली. आधी भाषेची शाळा, मग पुढचं कॉलेज, असा बेत आहे. दादरला क्लास लावून तिने जपानी भाषेची एन-४ पर्यंतची परीक्षा इथेच दिली. इताबाशी नावाच्या वॉर्डात खोली घेतली आहे.

आमच्या घरातून परदेशी गेलेलं हे पहिलंच माणूस. त्यामुळे विचारायचं कुणाला, हाच प्रश्न. तिला विचारलं तर "बाबा, सगळं ठीक आहे." पण आठ दिवस झाले, अजून तिचा तिकडचा मोबाईल नंबर नाही, बँकेत खातं नाही. खोलीतल्या वायफायवर फोन करते तेवढंच. ट्रेनमध्ये फोनवर बोलत नाहीत म्हणते, म्हणजे बाहेर पडली की संपर्क तुटतो. शाळेने फसवलं तर नसेल ना, असं मनात येतं. रात्री जेवण झालं की आम्ही साडेनऊला फोन करतो, तेव्हा ती पेंगत असते.

आणखी एक. परवा दुपारी दीड वाजता मी जेवायला बसलो होतो. व्हिडिओवर बोलता बोलता तिच्याकडे बाहेर कुठेतरी कर्ण्यावर सूर वाजायला लागले, संथ, लहान मुलांच्या गाण्यासारखे. ती बोलायची थांबली. सूर संपले तरी गप्पच. विचारलं तर म्हणाली, "काही नाही, रोज वाजतं." तिची आई म्हणते देवळातलं असेल. ते काय आहे कुणाला माहीत असेल तर सांगा.

पार्ले_पूर्व

काका, आधी त्या सुरांचं सांगते. बाकीचं कागदोपत्री आहे, ते होऊन जाईल.

ते देऊळ नाही. भूकंप, पूर, वादळ अशा वेळी सूचना द्यायला वॉर्डाने ठिकठिकाणी खांबांवर कर्णे लावलेले असतात. यंत्रणा चालू आहे ना, हे रोज तपासायचं म्हणून संध्याकाळी त्यावर सूर वाजवतात, आणि मैदानातल्या पोरांनाही कळतं की घरी जायची वेळ झाली. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे तुमचा दुपारचा दीड हे तिचे संध्याकाळचे पाच. तुम्ही गिरणगावातले. गिरणीच्या भोंग्यावर घर कसं चालायचं हे तुम्हाला मी सांगायला नको.

मी २०१४ च्या एप्रिलमध्ये गेले. त्याच महिन्यात तिथला विक्रीकर ५ टक्क्यांवरून ८ वर गेला होता आणि दुकानांत किमतींच्या चिठ्ठ्या नव्या होत्या, म्हणून तारखा पक्क्या लक्षात आहेत. पहिले दोन आठवडे मला तो सूर सोसायचा नाही. सकाळी वर्ग, दुपारी कुठल्या ना कुठल्या ऑफिसात खेटे, तोवर माणूस कामात असतो. पाचला सूर वाजतो, खालच्या गल्लीतून मुलांच्या सायकली घराकडे वळतात, आणि आपल्याला कुठेच जायचं नसतं. आपल्याकडे संध्याकाळ म्हणजे आवाज. शेजारचा कुकर, जिन्यावरच्या चपला, कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय. तिथे दार लावलं की फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येते. तुमची मुलगी गप्प झाली ती यामुळे असणार, असं मला अगदी मनापासून वाटतं. तिला काही झालेलं नाही. तिला फक्त पाच वाजले होते.

म्हणून फोन रात्री साडेनऊला करू नका, तेव्हा तिचा एक वाजलेला असतो आणि सकाळी वर्ग असतो. दीडला करा.

आता नंबर आणि बँक. विमानतळावर तिला रेसिडेन्स कार्ड दिलं असेल, त्यावर तेव्हा पत्ता नसतो. राहायची जागा ठरली की १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा, तो ते कार्डाच्या मागे छापून देतात. त्याच फेरीत सरकारी आरोग्य विम्यात नाव घालायचं. मग दवाखान्याच्या बिलातले ३० टक्केच आपण भरायचे. वीस ते एकोणसाठ वयाच्या प्रत्येक रहिवाशाला पेन्शनचीही नोंदणी असते. विद्यार्थ्यांना हप्ता पुढे ढकलण्याचा किंवा माफीचा अर्ज करता येतो, तो तिने विसरू नये. नाहीतर घरी हप्त्याची पत्रं येतात आणि जीव दचकतो.

हे झालं की खरी गाठ बसते. बँक म्हणते, फोन नंबर द्या. फोनवाले म्हणतात, पैसे कापायला बँक खातं किंवा क्रेडिट कार्ड द्या. त्यात देशात येऊन सहा महिने झाले नसतील तर बऱ्याच बँका खात्यावर मर्यादा घालतात. बहुतेक शाळा मुलांना पोस्टाच्या बँकेत घेऊन जातात किंवा फॉर्म भरायला मदत करतात. तिने शाळेच्या ऑफिसात विचारावं, न लाजता. मला खातं मिळायला अठरा दिवस लागले. तेव्हा आठ दिवसांत नाही यात फसवणुकीचं काही नाही.

मला वेळ लागला तो नावामुळे, आणि हे तुमच्या मुलीलाही भोवेल म्हणून सविस्तर लिहिते. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला लागून वडिलांचं नाव असतं. तिकडे मधलं नाव हा प्रकारच नाही. कार्डावर सगळं सलग येतं, आणि फॉर्मवरच्या चौकटी जपानी नावाच्या मापाच्या. शिवाय नाव काताकाना या जपानी लिपीत लिहायचं. त्या लिपीत ळ नाही, ल आणि र एकच. माझ्या आडनावातल्या ळ चा र झाला. एका ठिकाणी मी नाव आणि वडिलांचं नाव यांच्यात जागा सोडली, दुसरीकडे नाही सोडली, आणि बँकेच्या बाईंनी दोन्ही हातांनी फॉर्म तीनदा परत दिला. तिला सांगा, पहिल्या दिवशी एका कागदावर आपलं काताकाना नाव लिहून ठेव, जागा कुठे सोडायची तेही ठरव, आणि पुढे विमा, बँक, फोन, नोकरी, सगळीकडे तेच उतरव.

पण याच नावाची एक गोष्ट मला जपून ठेवावीशी वाटते. वॉर्ड ऑफिसात मी माझा नंबर यायची वाट बघत होते. शंभरेक माणसं, कमालीची शांतता. खिडकीतल्या मुलाने माझं कार्ड बघितलं, कुठला शब्द आडनाव हे त्याला उमगलं नसावं, आणि त्याने माझ्या बाबांच्या नावापुढे "सामा" लावून मोठ्याने हाक मारली. सामा म्हणजे आपलं श्रीयुत म्हणा. मी उठलेच नाही. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा कळलं, ही मला आहे. रात्री घरी सांगितलं तर बाबा दोनदोनदा विचारत राहिले, "नक्की माझं नाव घेतलं?"

ट्रेनमध्ये बोलत नाहीत हे खरं आहे, तिथली रीतच आहे ती. तिने संदेश पाठवावा.

पैशांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. परवानगी घेऊन विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तास काम करता येतं, दोन ठिकाणी केलं तरी दोन्ही मिळून २८. मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तास. याच्यावर गेलं तर व्हिसा वाढवताना अडतं. पहिला महिना तिला कामाचं काही विचारू नका.

आणि भूकंपाची बातमी टीव्हीवर दिसली की घाबरून जाऊ नका. आपल्याकडे रिश्टरचा आकडा सांगतात, तो भूकंपाच्या मुळाशी किती जोर होता त्याचा. तिथली माणसं शिंदो बघतात, म्हणजे आपल्या पायाखाली किती हललं ते. तो ० ते ७ असतो. इताबाशीत शिंदो किती, एवढंच विचारा. दोन-तीन असेल तर ताटल्या वाजतात आणि लोक जेवत राहतात.

नायगावचा_कंडक्टर

ताई, तुमचं उत्तर तिच्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तो सामाचा भाग दोनदा वाचायला लावला. वॉर्ड ऑफिसात ती तिसऱ्या दिवशीच जाऊन आली आहे, कार्डाच्या मागे पत्ता छापून मिळाला असं कालच कळलं. मला सांगितलं नव्हतं, कारण मला यातलं कळणार नाही असं तिला वाटलं असेल.

एक विचारतो. पार्सल पाठवायचं म्हणतोय. आईने कुकर आणि मिक्सर काढून ठेवला आहे. आणि मे महिन्यात हापूस. आम्ही मूळचे देवगडकडचे. घरात सगळे मासे खातो, पण ती तिकडे अंडं-ब्रेड खाऊन राहते आहे.

कोळीवाडा_ते_सैतामा

काका, मी वरळी कोळीवाड्याचा, सात वर्षं इकडे. पार्सल थांबवा.

मिक्सर आपला २३० व्होल्टचा, इकडे भिंतीत १०० व्होल्ट. नुसता गुरगुरेल, वाटण व्हायचं नाही. कुकर पाठवण्याआधी तिला शेगडी कुठली ते विचारा. छोट्या खोल्यांत बऱ्याचदा आयएच, म्हणजे इंडक्शन शेगडी असते, त्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटलं तरच चालेल. भाताचा विजेचा कुकर इकडे जुना स्वस्त मिळतो. इकडचा तांदूळ चिकट, पण पेज अशी होते की आईला सांगितलं तर खोटं वाटेल.

हापूस अजिबात नको. आपल्या आंब्यावरची बंदी जपानने २००६ मध्ये उठवली ती वाफेची प्रक्रिया होऊन तपासून आलेल्या मालासाठी. घरून पाठवलेली पेटी जप्त होते. ताजा कढीपत्तासुद्धा तसाच जातो, माझ्या मावशीचा विमानतळावर काढून घेतला.

मसाला, तूरडाळ, पोहे इकडे मिळतात. इकेबुकुरोहून यामानोते लाईनने तिसरं स्टेशन शिन-ओकुबो. तिथल्या गल्लीत नेपाळी, बांगलादेशी, भारतीय दुकानं लागून आहेत. हळद-तिखट हातात आलं की अर्धं घर आलं.

मासे खाणाऱ्या मुलीने अंडं-ब्रेडवर राहायचं कारणच नाही. ती बहुतेक पाटीवरचं वाचायला घाबरते. तिला तीन शब्द पाठवा. साबा म्हणजे बांगड्याचा भाऊबंद. इवाशी म्हणजे आपली तारली. आणि हानगाकु म्हणजे अर्धी किंमत. दुकान बंद व्हायच्या आधी माशांच्या पाकिटांवर हानगाकुचे स्टिकर लावतात, तेव्हा जायचं. शिओसाबा म्हणून जो मिळतो तो आधीच मीठ लावलेला असतो. मी पहिल्यांदा वरून मीठ चोळलं आणि टाकून द्यावा लागला, फार जिवावर आलं. त्याला हळद, तिखट, थोडं लिंबू, तांदळाचं पीठ, बस. तळताना शेगडीवरचा, धूर ओढणारा पंखा लावायचा, खोलीला वास धरतो.

सुरुवातीला सूपाचा वास तिला ओळखीचा वाटेल. तो वाळवून धुरी दिलेल्या माशाचा असतो. मी पहिल्या दिवशी स्टेशनवरच्या नूडलच्या टपरीसमोर उभा राहिलो तर मला आमच्या अंगणातली वाळवण आठवली. रडलो नाही, पण दोन वाट्या प्यायलो.

गिरगावची_शिक्षिका

मुलीच्या हातात पाच हजार येनची नवी नोट आली तर तिला त्यावरचा चेहरा नीट बघायला सांगा. २०२४ पासून त्यावर त्सुदा उमेको आहेत. १८७१ मध्ये सहा वर्षांच्या असताना त्यांना अमेरिकेला शिकायला पाठवलं होतं, आणि पुढे त्यांनी जपानमध्ये मुलींसाठी उच्च शिक्षणाची शाळा काढली. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या त्यांच्या कॉलेजातला १८८५ चा एक फोटो आहे, त्यात नऊवारीतल्या आनंदीबाईंच्या शेजारी किमोनो घातलेली केई ओकामी बसली आहे. तीही डॉक्टर झाली. मी तो फोटो दरवर्षी वर्गात दाखवते. एक मुंबईजवळच्या कल्याणची, एक जपानची, आणि दोघी तिसऱ्याच देशात. तुमच्या मुलीला तो पाठवा, तिला शेजार वाटेल.

नायगावचा_कंडक्टर

सर्वांचे आभार. मिक्सर परत माळ्यावर ठेवला. फोटो पाठवला, तिने तो भिंतीवर लावणार असं लिहिलं आहे.

आम्ही आता दीडला जेवत नाही, दोनला जेवतो. आज फोन लावला तेव्हा तिचे पाचला दोन मिनिटं कमी होती. मी म्हटलं, आज तू बोलू नकोस, आम्हालाही ऐकू दे. तिने खिडकी उघडून फोन बाहेर धरला. समोर एक छोटं मैदान आहे, दोन पोरं घसरगुंडीवर होती. सूर संपेपर्यंत आम्ही तिघं गप्प होतो. मग ती म्हणाली, "बाबा, काल रात्री साबा आणला. अर्ध्या किमतीत." आईने पीठ कुठलं लावलं ते विचारलं, तर तांदळाचं मिळालं नाही म्हणून बटाट्याचं लावलं म्हणाली. ते चालतं का, हे कोळीवाड्याच्या भावाने सांगावं.

कोळीवाडा_ते_सैतामा

चालतं काका. कुरकुरीत होतो. पण लगेच खायचा, थंड झाला की मऊ पडतो.