आपली बिल्डिंग, इंदूर (फक्त कामाचे मेसेज)

१०१ काकू: आज परत मोरीतून घाण वर आली. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा. प्लंबरने पाइपातून काय काढलं ते फोटोत बघा. साबणाच्या वडीसारखा पांढरा गोळा, मधे भाताची शितं. तळणीचं तेल आहे हे. माझ्या घरी यंदा चकलीसुद्धा विकतची होती. मी कुणाचं नाव घेत नाही.

३०२ वहिनी: घेतलंच की काकू 🙂 आम्ही तेल बाटलीत साठवतो.

१०१ काकू: मी कुठे ३०२ म्हटलं?

२०३ दादा: गरम तेल ओतलं की वाटतं, गेलं. पण बोअरच्या जड पाण्याशी मिळून खाली त्याचा असा गोळा होतो. त्यापेक्षा सगळ्यांचं एका ड्रममध्ये जमवून बायोडिझेलवाल्यांना देऊ. अन्नसुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआयने २०१८ मध्ये ‘रुको’ ही वापरलेल्या तेलाची योजना ह्याचसाठी काढली.

२०१ आजोबा: ड्रम जिन्याखाली नको.

२०३ दादा: अजून आलाच नाही आजोबा.

४०१: भिया, माझ्या स्कूटीत टाका ना. सराफ्यातल्या तळलेल्या गराडूचा वास सोडत जाईन 😂

२०३ दादा: स्कूटी पेट्रोलची. आणि हे तेल डिझेल गाडीतही तसंच घालत नाहीत, घट्ट असतं. आधी गाळून पाणी काढतात, मग मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक घालून तापवतात. ग्लिसरीन तळाला बसतं, वरचं बायोडिझेल.

सेक्रेटरी: देवगुराडियाच्या प्लांटला द्यायचं का?

२०३ दादा: तो ओल्या कचऱ्याचा, बायो-सीएनजीचा. २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा रोजचा ५५० टनांचा. हे वेगळं.

३०२ वहिनी: आमच्याकडे स्कूटरवर एक जण येतो की. रोख देतो.

२०३ दादा: वहिनी, त्याला नका देऊ. ना पावती, ना पत्ता. काळं तेल गाळून परत कुणाच्या कढईत गेलं तर? तळून तळून तेलात होणारे पोलर कंपाउंड २५ टक्क्यांवर गेले की ते तेल स्वयंपाकाला चालत नाही, तसा नियमच आहे.

४०१: म्हणजे परवाची कचोरी वहिनींच्या चकलीच्या तेलातली!

३०२ वहिनी: फराळाचा डबा दोनदा भरून नेलास तेव्हा नाही सुचलं हे?

२०१ आजोबा: जिन्याखाली नको. मागे रद्दी ठेवली तेव्हा उंदीर झाले होते.

३०३ ताई: तेलाचे पैसे कुणाकडे जाणार? रद्दीचा हिशोब अजून यायचाय.

सेक्रेटरी: नोटीस बोर्डावर लावला होता ताई.

३०३ ताई: हो, पंधरा मिनिटं.

सेक्रेटरी: ज्यांना इतकी काळजी आहे त्यांनी पुढच्या वर्षी सेक्रेटरी व्हावं. 🙏

१०१ काकू: बायोडिझेल होईल तेव्हा होईल. प्लंबरचे ८०० मी दिलेत.

३०२ वहिनी: २०० पाठवलेत काकू. पण तेल आमचं नव्हतं.

२०१ आजोबा: गच्चीवर ठेवा. जिन्याखाली नको.

१०१ काकू: गोळा अंगणात बादलीत ठेवलाय. ज्याचा असेल त्याने संध्याकाळपर्यंत घेऊन जावा. बादली परत हवी.