फॉन्टच्या सोयी वापरायच्या, की नुसतं नाव देऊन मोकळं व्हायचं?

अक्षरजुळारी
काल इथे एकाने ठोकून दिलं की लाटेकमध्ये (आज्ञा लिहून पानं जुळवायच्या प्रणालीत) फॉन्टचं नाव द्यावं, मजकूर ओतावा, लिपी-भाषेचे पर्याय हौशी लोकांसाठी असतात. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

लुआलाटेक या लाटेकच्या प्रकारात फॉन्टस्पेकला, म्हणजे फॉन्ट लावणाऱ्या पॅकेजला, लिपी देवनागरी आहे हे सांगितलं नाही, तर 'किती'मधली पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलन्तासकट सुटी होतात. ही हौस आहे? आणि भाषा मराठी सांगितली, फॉन्टमध्ये तसे नियम असले, तर मराठी वळणाचे पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आपोआप येतात. एवढी सोय हाताशी असताना मराठी पुस्तकात हिंदी वळणाचा दंडयुक्त ल छापायचा हा निव्वळ आळस आहे.

साधासरळ
ते वाक्य माझं. लिपीचं मान्य, त्याशिवाय चालत नाही. भाषेचं अजिबात मान्य नाही.

तुमच्या 'असले तर'मध्येच सगळी मेख आहे. फॉन्टमध्ये मराठीचे नियम नसतील तर काम अडत नाही, लॉगमध्ये, म्हणजे लाटेक काम करताना लिहितं त्या नोंदींच्या फाइलमध्ये, एक इशारा येतो आणि तो कोणी वाचत नाही. माझ्या बहिणीचा प्रबंध घरी नीट दिसत होता. विभागातल्या संगणकावर त्याच फॉन्टची जुनी आवृत्ती होती, तिथे सगळे ल बदलले. मार्गदर्शकांनी विचारलं, हे काय? त्यापेक्षा टिरो देवनागरी मराठी हा खास मराठीचा फॉन्ट घ्या. हिंदी आणि संस्कृतसाठी टिरोचे वेगळे फॉन्ट आहेत. भाषा सांगायची भानगडच नाही.

अक्षरजुळारी
आवृत्ती जुनी हा फॉन्टस्पेकचा दोष कसा? फॉन्टची फाइल प्रबंधाच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि तिचा मार्ग द्यायचा. मराठी विवेचनात पानोपानी हिंदी उतारे असतील तर एकाच फॉन्टमध्ये भाषा बदलणं कितीतरी सुटसुटीत.

मुद्रितशोधक
तुम्ही दोघं दिसण्यावरून भांडताय. लाटेकमधून निघालेल्या पीडीएफमधून एक परिच्छेद कॉपी करून बघा. वेलांट्या इकडच्या तिकडे, जोडाक्षरांचा चुरा. मी याच कामावर पोट भरतो. प्रकाशक पीडीएफ पाठवतात, शोध घेतला तर शब्द सापडत नाही आणि डोळ्यांनी पानं चाळावी लागतात.

साधासरळ
विषय भाषेच्या पर्यायाचा आहे.

मुद्रितशोधक
विषय तोच आहे! फॉन्टमधले नियम अक्षरांची चित्रं बदलतात. पीडीएफमध्ये ती चित्रं जातात, मूळ मजकूर सोबत द्यावा लागतो. झीटेक या लाटेक चालवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी 'झीटेक-जनरेट-अ‍ॅक्च्युअलटेक्स्ट' ही एक ओळ आहे, ती चालू करा. पीडीएफ उघडणारे सगळे प्रोग्रॅम ती मानत नाहीत, पण जे मानतात तिथे तरी काम होतं. ही ओळ कोणी लिहीत नाही. ल च्या पाकळ्यांवर मात्र रात्री जागवतात.

अक्षरजुळारी
जागवतो, कारण पुस्तक आधी वाचलं जातं, मग शोधलं जातं. उगाच टोमणे नकोत.

टंकनपट्टी
शोधाचं निघालंच आहे तर 'दुसऱ्या' घ्या. कोणी ऱ, हलन्त, य असं टंकतं. कोणी र, हलन्त, मग शून्य-रुंदीचा जोडक (अक्षरं जोडणारी, न दिसणारी खूण) आणि य. युनिकोडची शिफारस पहिल्याची. चांगल्या फॉन्टमध्ये कागदावर दोन्ही हुबेहूब सारखी. शोधताना दोन वेगळे शब्द. एका स्मरणिकेत निम्मे लेख असे, निम्मे तसे आले आणि सूचीत एकच आडनाव दोन जागी पडलं. यावर फॉन्टची कुठलीही सोय उपाय नाही, मजकूरच एकसारखा करून घ्यावा लागतो.

मुद्रितशोधक
अगदी. आणि तो जोडक कॉपी करताना गळला की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. हे मी छापील पुस्तकात पाहिलंय.

साधासरळ
म्हणजे मूळ मजकूर नीट नसेल तर फॉन्टचे पर्याय लावून काही होत नाही. हेच सांगत होतो.

अक्षरजुळारी
हे तुम्ही सांगत नव्हता. तुम्ही 'हौशी' म्हणालात.

टंकनपट्टी
एका पर्यायाला मात्र माझाही ठाम विरोध: शीर्षकात अक्षरांतर वाढवणं. रोमनमध्ये शोभतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते. मासिकांची मुखपृष्ठं बघवत नाहीत.

साधासरळ
त्यावर तरी एकमत. 'हौशी' शब्द मागे घेतो. भाषेचा पर्याय ज्याला लॉग वाचायची सवय आहे त्याने खुशाल लावावा. विद्यार्थ्यांना मी टिरोच सांगणार.

अक्षरजुळारी
सांगा. पण लॉग वाचायलाही शिकवा.