न्गोरोंगोरो: विवरात उतरावं का?

रानवाट: टांझानियात सेरेंगेटी अभयारण्याहून परतताना न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवराला एकच दिवस मिळतोय. खाली उतरावं की काठावरूनच पाहावं? मुलीला जिराफ बघायचेत, मला काळा गेंडा.

गवताळ: उतराच! वरून फक्त ठिपके दिसतात. पण मुलीला आधीच सांगून ठेवा, विवरात जिराफ नसतात. कडे सुमारे 600 मीटर उंच आणि उभे. शिवाय तळाला बहुतेक गवतच, जिराफांना लागणारी झाडं कमी. ते बाहेर, सेरेंगेटीकडून येणाऱ्या रस्त्यालगत शोधा, बाभळींच्या शेंड्यांकडे नजर ठेवून.

गेंड्यासाठी पहाटेच गेटवर हजर राहा. सकाळी ते उघड्या गवतात असतात, पण बरेच लांब, म्हणून चांगली दुर्बीण हवीच. आणि लेराईचं जंगल चुकवू नका. पिवळ्या सालीच्या बाभळींखाली म्हातारे सुळेवाले हत्ती संथपणे चरत असतात. जवळजवळ सगळे नरच. माद्या पिल्लांना घेऊन सहसा खाली येत नाहीत. मला तर गेंड्यापेक्षा तेच जास्त आवडले.

पाणकावळा: काठ 2,300 मीटरच्या आसपास आहे, सकाळी धुकं आणि कडाक्याची थंडी. स्वेटर घ्याच. विवरातल्या न्गोइतोकितोक झऱ्याच्या पाणघोड्यांजवळ डबा गाडीतच उघडा, घारी हातातला घास पळवतात.

रानवाट: मग जिराफ आदल्या दिवशी वाटेतच बघतो. विवरातल्या मगाडी सरोवरावर रोहित पक्षी नक्की दिसतील का?

गवताळ: खात्री नाही देता येत. पाणी कमी-जास्त झालं की ते जागा बदलतात. गाइडला सकाळीच विचारा.