न्यूमोनियानंतर ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्या रोज? साफ चूक!

फोंड्याहून:
काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘न्यूमोनियातून उठलात की ‘ड’ची 60,000 युनिटची पुडी दहा दिवस रोज घ्या, फुप्फुसं लवकर भरून येतात.’ ही पुडी आठवड्याला एक घ्यायची, साधारण आठ आठवडे, आणि तीही कमतरता असेल तरच. दहा दिवसांत सहा लाख युनिट पोटात गेली तर रक्तातलं कॅल्शियम चढू शकतं. मग मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान. घरचे त्याला आजारानंतरचा अशक्तपणा समजतात आणि आणखी एक पुडी फोडतात.

पणजीकर:
म्हणून द्यायचंच नाही? काबूलच्या 2010 च्या अभ्यासात एक लाख युनिटचा एकच डोस दिलेल्या मुलांना पुढच्या तीन महिन्यांत न्यूमोनिया पुन्हा कमी झाला.

फोंड्याहून:
अर्धंच सांगताय. बरं व्हायला डोस मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांना सारखाच वेळ लागला. तिथेच 2012 साली तीन हजारांवर तान्ह्या बाळांना दर तीन महिन्यांनी एक लाख देऊन पाहिलं, न्यूमोनिया घटला नाही.

पणजीकर:
ठीक, उपचार म्हणून नको. पण रिपोर्टमध्ये ‘ड’ 12 इतकं कमी आलं तर?

फोंड्याहून:
रक्त कधी काढलं? अंगात दाह असताना हा आकडा तसाही खाली येतो. ताप जाऊन काही आठवडे झाले की पुन्हा तपासा.

बार्देसकर:
पुड्यांचं काय घेऊन बसलात! गोंयात ऊन आणि तारले (सार्डिन मासे) असताना औषधं कशाला? सकाळी बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसा.

फोंड्याहून:
बाब, बल्कांवात सावली असते. आठच्या कोवळ्या उन्हात ‘ड’ तयार व्हायला लागणारे किरण फारच थोडे. आपली सावली उंचीहून आखूड पडते तेव्हाचं ऊन हवं, हातपाय उघडे ठेवून, कातडी लाल होण्याआधी आत यायचं. बंद काचेतून ते किरण येतच नाहीत. पावसाळ्यात ढग, त्यात 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद. तारले मिळाले तरी 100 ग्रॅममागे काही शे युनिट, त्यात कमतरता भरणार कशी?

बार्देसकर:
भरणार नाही, मानलं. पण कमतरता भरून निघाल्यावर ताटात तारलेच हवेत, जन्मभर पुड्या नकोत. यावर मी मागे हटणार नाही.

पणजीकर:
आणि पुडी उपाशीपोटी नको, जेवणावर घ्या. चरबीत विरघळणारी चीज ती. मुतखडा किंवा क्षय असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. खोकला सहा आठवडे, थकवा तीन महिने रेंगाळतो, त्यासाठी डोस वाढवू नका. पण ताप परतला किंवा धाप वाढली तर त्याच दिवशी दाखवा.