अँटेना छतावर, पण राउटर कुठे?

कॅम्परव्हॅनमध्ये (राहण्याच्या गाडीत) मोबाइल इंटरनेट नीट मिळावं म्हणून 'छतावर जास्त गेनचा, म्हणजे सिग्नल जास्त ओढणारा, अँटेना बसवला की काम झालं' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. अँटेना बाहेर हवाच, कारण गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो. पण अँटेनापासून राउटरपर्यंतची केबल किती लांब, हे कुणीच विचारलेलं दिसत नाही, आणि खरी गळती तिथेच होते. आरजी-५८ या बारीक अँटेना-केबलच्या ५ मीटरमध्ये २ गिगाहर्ट्झच्या (मोबाइल सिग्नलच्या वारंवारतेच्या) आसपास ३ डेसिबलहून जास्त घट होते, म्हणजे निम्म्याहून अधिक सिग्नल वाटेतच संपतो. अँटेनाने कमावलेलं केबलने घालवलं! म्हणून राउटर अँटेनाच्या अगदी खाली, वरच्या कपाटात ठेवा (कपाटाला हवा खेळती हवी, राउटर तापतो) आणि तिथून तुमच्या उपकरणापर्यंतचं अंतर इथरनेटच्या (नेटवर्कच्या) वायरने कापा. ती १०० मीटरपर्यंत आरामात चालते.

आणि फोर-जी अँटेनाच्या दोन केबल असतील तर दोन्ही जोडा, एकीवर भागवू नका. दिशा लावताना फोनवरच्या दांड्यांपेक्षा राउटरच्या सेटिंगमधला एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ, तो आकडा) बघा. दांड्या कमी पण एसआयएनआर चांगला, अशा टॉवरवर मला बरेचदा जास्त वेग मिळाला आहे.