प्रतिसाद: वर्षाचे गहू आणि एरंडेल

वर्षाचे गहू एकदम भरले की निम्मे किडीच्या पोटात जातात, म्हणून त्यात बचत नाही, हे वरचे मत कोरडे धान्य तसेच कोठीत ओतणाऱ्यांपुरते मला मान्य आहे. आमच्याकडे बडोद्यात मात्र चैत्रात घेतलेले गहू निवडून, उन्हे देऊन आणि पूर्ण गार झाल्यावरच (गरम भरले तर कोठीत दमटपणा धरतो) एरंडेलाने चोळून ठेवतात. एरंडेलाला इथे दिवेल म्हणतात आणि गुजरातेत एरंडीचे पीक मुबलक असल्याने ते सहज मिळते. शंभर किलोंना आम्हाला अर्धा ते पाऊण किलो पुरते. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसल्यामुळे किडीला अंडी घालणे अवघड होते. तळहात दोन दिवस चिकट राहतात, एवढीच तक्रार.