डोळा उघडला की लायनर गायब!

ऋतू_सक्करदरा: मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे. माझे डोळे आजीवर गेलेत, वरच्या पापणीला घडीच नाही. अर्धा तास बसून लायनर काढते न, डोळा उघडला की सगळं आत गडप. वरून घामानं काजळ गालावर. मागच्या वेळी पार्लरवाल्या ताईंनी जाड पट्टा ओढला, फोटोत मी पेंगून राहिली असं दिसते. काय करू?

ब्रशवाली_मावशी: डोळा मिटून रेघ काढतेस न? तिथंच चुकते. आरसा नाकासमोर धर, डोळे उघडे, नजर सरळ. रेघ जिथं दिसायला हवी तिथं पेन्सिलनं टिंब दे, मग डोळा मिटून टिंबापर्यंत भर. मॅट तपकिरी शॅडो केसांच्या मुळाशी गडद, वर फिकी होत जाऊ दे. पूर्ण पापणीवर चमकी नको, डोळा सुजल्यासारखा वाटतो. अशा पापण्यांचे केस बरेचदा खाली वळलेले असतात. मस्काऱ्याआधी पापण्यांचा कर्लर दाब.

धंतोलीची_ढब्बू: माझं वेगळं. घडी आहे, पण वरची कातडी तिच्यावर उतरते. मी लायनरची शेपटी डोळा उघडा ठेवूनच काढते, नाहीतर मधेच मोडते. आणि नागपूरच्या उन्हात खालचं काजळ सोडूनच दे बाई. ट्यूबिंग मस्कारा घे, पापणीच्या केसाभोवती नळीसारखा बसतो तो. तेलानं पसरत नाही, कोमट पाण्यानं निघते.

ऋतू_सक्करदरा: टिंबवालं आत्ताच करून पाहिलं. डावा जमला! उजव्याचं टिंब भुवईकडे निघालं.